कारणाचा रकाना

तोकिएदा मिसाओ यांनी वीस वर्षं मोठ्या कढया ढवळल्या. मग उजवा खांदा गेला. हिनोताकी या जपानी गावाच्या शालेय भोजन केंद्रात त्या स्वयंपाकघरातून ऑफिसात आल्या, त्या अशा. केंद्र सहा शाळांना दुपारचं जेवण पुरवतं. रोज सातशे चाळीस ताटं.

त्याच ऑफिसात मी कंत्राटी कारकून होते. विद्यापीठात मी वाङ्मय शिकले. केंद्रात त्या शिक्षणाचा एकच उपयोग होता. महिन्याच्या जेवणपत्रकाच्या तळाशी चार ओळी लिहायच्या. भोपळ्याबद्दल, नव्या तांदळाबद्दल. मिसाओसान, म्हणजे मिसाओबाई, मला विदुषी म्हणायच्या. "काय विदुषी, आज मुळ्याला काय म्हणायचंय?" आमच्यात पंचवीस वर्षांचं अंतर होतं. तरी मैत्री झाली.

कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात पडला तो एका बैठकीत. गावाच्या कचेरीकडून दरवर्षी एक फॉर्म येतो. माहितीच्या सुरक्षेसाठी जबाबदार व्यक्तीचं नाव लिहा. आदल्या वर्षीचा माणूस निवृत्त झाला होता. सगळ्यांनी आपापल्या चहाच्या पेल्यात बघितलं. केंद्रप्रमुख कुसाकाबे म्हणाले, "तोकिएदासान, प्रिंटरची शाई तुम्हीच बदलता ना?"

"बदलते. उद्या गॅसची नळी बदलली तर अग्निशमनाची गाडी पण माझ्याकडेच देणार का?"

सगळे हसले. नाव त्यांचंच लागलं.

आधीच्या माणसांनी त्या रकान्यात नाव लिहून विषय संपवला होता. मिसाओसानना ते जमेना. स्वयंपाकघरात एक तक्ता असतो. कढईतल्या पदार्थाचं तापमान किती, ते लिहून सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारायचा. आधी कढईत तापमापक घालायचा, मग शिक्का. वीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. आता कॉम्प्युटरवर शिक्का मारायचा, तर आत काय आहे ते बघायलाच हवं.

त्यांनी बघितलं. ऑफिसातली सहाही माणसं एकाच नावाने आत शिरत होती, आणि त्या नावाला सगळे अधिकार. पासवर्ड म्हणजे केंद्राचं नाव आणि स्थापनेचं वर्ष. तो पडद्याच्या खाली चिकटपट्टीवर लिहिलेला. अपडेट दोन वर्षं बंद, कारण एकदा अपडेट केल्यावर प्रिंटर रुसला होता.

त्यांनी गावाच्या वाचनालयातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षेवरचं जाडजूड पुस्तक आणलं. दुपारी जेवताना पानं उलटायच्या. पहिला महिना काही कळलं नाही. एकदा पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "वाच. जपानीच आहे ना हे?" मी वाचलं. मलाही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "बघ, तुझ्या पदवीने पण इथे डाळ शिजत नाही."

मग एक दिवस त्यांना स्वयंपाकघर आठवलं, आणि तिथून पुढे सगळं सुटत गेलं. कच्चं मांस ज्या फळीवर कापतात, त्या फळीवर भाजी कापत नाहीत. म्हणून रोजच्या कामाचं खातं वेगळं, दुरुस्तीचं वेगळं. रोजच्या खात्याला नवं काही बसवण्याचा अधिकारच नाही. बाहेरचे बूट आत येत नाहीत. म्हणून शाळांकडून आलेला पेनड्राइव्ह आधी एका सुट्या यंत्रात तपासायचा. जी शेगडी वापरत नाही ती पेटती ठेवत नाहीत. म्हणून पार्श्वभूमीला चालणाऱ्या नको त्या सेवा एकेक करून बंद. हात वर्षातून एकदा धुऊन चालत नाहीत. म्हणून अपडेट आले की त्याच आठवड्यात. प्रिंटर रुसला तर त्याची समजूत काढू. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की अर्धा तास कुलूप. ई-मेलने आलेल्या फाइलला आपल्या यंत्रात स्वतःहून काही चालवायची मुभा नाही.

आणि नमुने. आमच्याकडे रोजच्या प्रत्येक पदार्थाचे पन्नास ग्रॅम पिशवीत घालून, तारीख लिहून, दोन आठवडे गोठवून ठेवतात. एखादं मूल आजारी पडलं तर तो नमुना साक्ष देतो. मिसाओसाननी कॉम्प्युटरचेही नमुने ठेवायला सुरुवात केली. तीन डिस्क आळीपाळीने. शुक्रवारी तीन वाजता सगळ्याची प्रत काढायची, तार उपसायची, डिस्क पोलादी पेटीत ठेवायची. मी विचारलं, तार का काढायची, जोडलेली राहू द्या की. त्या म्हणाल्या, "कढईतच ठेवलेला नमुना कढईबरोबर नासतो."

दुसऱ्या वर्षी त्यांनी सरकारी परीक्षा दिली. नापास झाल्या. पुन्हा दिली. चोपन्नाव्या वर्षी पास झाल्या. निकालाचा कागद त्यांनी कुसाकाबेंना दाखवला. ते म्हणाले, "वा, चांगला छंद लागलाय."

छंद. मी समोर बसले होते. मिसाओसाननी कागदाची घडी घातली आणि कामाला लागल्या.

हे सगळं कशासाठी होतं ते सांगते. त्या कॉम्प्युटरात एक यादी होती. ज्यांना कशाची तरी अ‍ॅलर्जी होती अशा एकतीस मुलांची. कोणाला अंडं चालत नाही, कोणाला गहू, कोणाला कोळंबी, कोणाला दूध. रोज सकाळी साडेसातला ती यादी त्या दिवसाच्या जेवणाशी जुळवून छापायची. मग त्या मुलांची ताटं वेगळी होतात, वर नावाचं रंगीत कार्ड लागतं. फार वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरात असताना, मिसाओसानच्या हातून एकदा दुधाचं सूप चुकीच्या वाडग्यात गेलं होतं. मुलगा वाचला. त्यांनी मला हे एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

यादीचा प्रोग्रॅम एका कंपनीचा होता. कंपनीचा माणूस एनोकी. फार नम्र. तो शहरात बसून आमच्या यंत्रात दुरून आत यायचा आणि दुरुस्ती करायचा. त्यासाठी एक दार कायम उघडं. मिसाओसाननी त्याला फोनवर विचारलं की पासवर्ड कोणता वापरता. तो म्हणाला, सगळ्या गावांत एकच ठेवतो, नाहीतर आमच्या लक्षात राहणार नाही.

त्यांनी त्याच दुपारी दार बंद केलं. एनोकीला सांगितलं, काम असेल तेव्हा फोन करा, मी उघडीन, तुमचं झालं की बंद करीन. तो दहा वेळा माफ करा म्हणाला. आणि त्याच दिवशी त्याने कुसाकाबेंकडे तक्रार केली.

कुसाकाबेंचं म्हणणं, कंपनीला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. मिसाओसाननी रीतसर टिपण लिहिलं. दार का बंद असावं, उघडं राहिलं तर काय होईल, इतर ठिकाणी काय झालं. खाली वरिष्ठांच्या मंजुरीच्या शिक्क्यांसाठी सहा चौकोन. टिपण जूनमध्ये कुसाकाबेंच्या ट्रेमध्ये गेलं. ऑक्टोबरमध्येही तिथेच होतं. त्यांनी ते नाकारलं नाही. स्वीकारलंही नाही. आमच्याकडे नाही म्हणायची हीच रीत आहे.

ऑक्टोबरात मिसाओसानच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. सोमवारी रजा. शुक्रवारी साडेतीनला डिस्क पेटीत ठेवून त्या निघत होत्या, तेवढ्यात कुसाकाबे आले. सोमवारी एनोकीसानचं मोठं काम आहे, दार उघडं ठेवून जा.

त्यांनी हे लेखी मागितलं.

कुसाकाबे हसले. "तोंडी सांगतोय ना, तोकिएदासान. माझ्या शब्दावर भरवसा नाही का?"

ऑफिसात आम्ही चौघं होतो. सगळ्यांच्या देखत असं विचारल्यावर इथलं कोणीही नाही म्हणत नाही. त्या परत खुर्चीवर बसल्या. दार उघडलं. मग आईच्या गावाला गेल्या.

मंगळवारी सकाळी सातला यंत्र सुरू केलं तर पडद्यावर मोडक्यातोडक्या भाषेत एक सूचना होती. तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. एनोकी सोमवारी आत आलाच नव्हता. त्याचं काम पुढे ढकललं गेलं होतं. हे त्याने कोणाला कळवलं नव्हतं.

त्या दिवशी जेवणात जाड शेवयांचं सूप होतं. म्हणजे गहू. आणि अंड्याचा रोल. कुसाकाबे पडद्यापुढे उभे होते आणि पुन्हा पुन्हा एकच बटण दाबत होते. मिसाओसाननी त्यांना हाताने बाजूला केलं. इंटरनेटची तार काढली. कपाटातून जुना लॅपटॉप आणला, जो त्यांनी कधीच कशाला जोडला नव्हता आणि ज्यात हाच प्रोग्रॅम आधीच बसवून ठेवला होता. शुक्रवारची डिस्क लावली. मग मला सहाही शाळांना फोन करायला लावले. शुक्रवारनंतर कोणाच्या यादीत बदल झाला का? दोन बदल होते. त्यांनी ते घातले आणि पुन्हा मोठ्याने वाचून घेतले. दहा चाळीसला यादी छापून निघाली. ती त्यांनी स्वतः स्वयंपाकघरात नेऊन दिली.

अकरा वाजता कुसाकाबेंनी रिवाजाप्रमाणे मुलांच्या आधी जेवण चाखलं. म्हणाले, आज मीठ जरा कमी वाटतंय.

एकतीस ताटं रंगीत कार्डांसकट वेळेवर गेली. कोणत्याही मुलाला काही झालं नाही. माझी अशी समजूत होती की आता कोणीतरी उठून मिसाओसानपुढे वाकेल.

वाकलं, पण वेगळ्याच दिशेने. दोन दिवसांनी एनोकी आणि त्याचे साहेब आले. हातात मिठाईचा खोका. ते कुसाकाबेंपुढे कमरेत वाकले, कुसाकाबे त्यांच्यापुढे वाकले. मिसाओसाननी यंत्रातल्या नोंदी छापून तिघांच्या मध्ये ठेवल्या. त्या नोंदी त्यांनीच दोन वर्षांपूर्वी चालू केल्या होत्या. कोण कधी आलं, कुठून आलं. रविवारी दुपारी बारा वाजून सहा मिनिटांनी परदेशातून कोणीतरी आत आलं होतं. कंपनीच्या पासवर्डने. पहिल्याच प्रयत्नात. एकही चुकीचा प्रयत्न नाही. म्हणजे पासवर्ड फोडावा लागला नव्हता, तो आधीच कुठून तरी मिळाला होता. फाइलींना कुलूप मात्र सोमवारी रात्री, ऑफिस सुटल्यावर लावलं गेलं होतं. एनोकीचे साहेब म्हणाले, सखोल चौकशी करू. खोका उघडला. आत चेस्टनटची मिठाई होती. सगळ्यांनी खाल्ली. मिसाओसाननी नाही. मीही खाल्ली, हे लपवत नाही.

जिल्ह्याला अहवाल पाठवायचा होता. त्यासोबत जबाबदार व्यक्तीचं दिलगिरीपत्र जोडावं, असं कुसाकाबे म्हणाले. मिसाओसान लगेच तयार झाल्या. मला धक्काच बसला. त्या म्हणाल्या, "दार उघडलं कोणी? या हाताने उघडलं. मग माफी काय शेजारणीने मागायची?" आणि मसुदा करायला मला सांगितलं. मी शिकलेली.

मी तीन पानं लिहिली. ट्रेमध्ये पडलेलं टिपण, छंद, मीठ, मिठाई, सगळं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. "छान आहे. पण हे पत्र नाही, भांडण आहे. भांडण मी तोंडाने करते. कागदावर चूक लिहायची, तीही फक्त आपली."

मग त्यांनी स्वतः लिहिलं. पाच ओळी. अमुक तारखेला, केंद्रप्रमुखांच्या तोंडी सूचनेवरून, मी दुरून प्रवेशाचं दार उघडं ठेवलं. असं केल्याने काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. माहीत असून मी नकार दिला नाही. मुलांचा जीव धोक्यात आला. यासाठी मी क्षमा मागते.

मी ते वाचलं आणि माझ्या तीन पानांची मला लाज वाटली.

कुसाकाबेंनी पत्र परत पाठवलं. वर पिवळी चिठ्ठी. पत्रात पुरेसा पश्चात्ताप दिसत नाही. तोंडी सूचनेचे शब्द काढावेत. माहीत होतं ही ओळ काढावी. त्या जागी पुढील वाक्य घालावं. वाक्य पेन्सिलीने लिहिलं होतं, म्हणजे नंतर खोडता येईल असं. "माझ्या अपुऱ्या ज्ञानामुळे हा प्रकार घडला."

मिसाओसान चिठ्ठी घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेल्या. मी चार हातांवर होते.

"तोकिएदासान, नुसतं एक वाक्य आहे," कुसाकाबे म्हणाले. "सगळेच लिहितात. तरुणपणी मी पण लिहिलंय."

"काय लिहिलं होतं?"

"हेच. अपुरं ज्ञान."

"मग नंतर वाढवलंत का?"

कुसाकाबेंनी चष्मा काढून पुसला. आवाज न चढवता म्हणाले, की मार्च काही फार लांब नाही, आणि बदल्यांची यादी करताना त्यांचंही मत विचारतात.

"साहेब, मीठ जास्त पडलं असं लिहून मागा, देते. हात घसरला असं मागा, तेही देते. पण मला येत नव्हतं असं नाही लिहायची. मला येत होतं. म्हणून तर माझी चूक मोठी आहे."

"याने तुमचाच त्रास वाढेल."

"वाढू दे."

त्या एका वाक्यात काय होतं ते कुसाकाबेंना माहीत होतं. बाई अडाणी होती असं एकदा कागदावर आलं, की दार कोणाच्या सांगण्यावरून उघडलं, पासवर्ड कोणाचा होता, टिपण कुठे अडकलं, हे प्रश्न कोणी विचारत नाही. कंपनीचंही भागतं आणि केंद्राचंही. जातात फक्त मिसाओसानची तीन वर्षं. ते जाड पुस्तक, नापास झालेली परीक्षा, पास झालेली परीक्षा, तीन वर्षांचे शुक्रवार. सगळं होतं ते नव्हतंच, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं आणि खाली शिक्का मारायचा.

कुसाकाबे पाच ओळींचं पत्र हातात घेईनात. त्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं तर ते टिपणाच्या वाटेने जाणार हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिसाओसान मला घेऊन गावाच्या कचेरीत गेल्या. तिथे आवक टपालाची खिडकी आहे. आलेल्या कागदावर गोल शिक्का पडतो, तारीख आणि क्रमांक. शिक्का पडलेला कागद परत करता येत नाही. पाच वर्षं फाइलमध्ये ठेवावाच लागतो.

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, हे केंद्रप्रमुखांमार्फत का नाही आलं? मिसाओसान म्हणाल्या, कर्मचाऱ्याला थेट देता येतं, नियम बघा. त्याने नियमांचं पुस्तक काढलं. दहा मिनिटं शोधलं. आमच्या मागे रांग झाली. नियम सापडला. त्याने पत्र वाचलं, मिसाओसानकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग शिक्का मारला.

परतताना त्या एवढंच म्हणाल्या, की भूक लागली आहे.

डिसेंबरात कुसाकाबेंनी जिल्ह्याच्या अहवालाचा मसुदा टाइप करायला माझ्याकडे दिला. छापील फॉर्म, रकाने पाडलेले. घटनेची तारीख. नुकसान. उपाय. आणि कारण. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, जबाबदार कर्मचाऱ्याचं अपुरं ज्ञान.

पत्र आलं होतं. शिक्का पडला होता. क्रमांक होता. तरीही.

मी मिसाओसानना सांगितलं. त्या म्हणाल्या, "टाइप कर. तुझा करार मार्चमध्ये संपतो. कागदाला कागदाने उत्तर दिलंय मी, तू मध्ये पडू नको."

मी बाकीचे सगळे रकाने टाइप केले. कारणाचा कोरा ठेवला. छापून कुसाकाबेंच्या टेबलावर नेऊन दिला.

"इथे राहिलं," ते म्हणाले.

"ते मला टाइप करता येत नाही."

मी धीट नाही. हे बोलताना माझे कान तापले होते आणि मी त्यांच्या पेनकडे बघत होते. मला वाटलं, बाहेर जा म्हणतील. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि त्या रकान्यात स्वतःच्या हाताने वाक्य लिहिलं. पेनने. शेजारी आपला शिक्का मारला. त्यांचं अक्षर फार सुंदर आहे.

मार्चच्या शेवटी यादी लागली. मिसाओसानची बदली गावाच्या स्मशानभूमीच्या कार्यालयात झाली. त्यांच्या जागी मत्स्य विभागातून एक तरुण आला. तो वाईट मुलगा नव्हता. काम सोपवायला तीन दिवस मागितले होते, अर्धा दिवस मिळाला. माझा करार वाढला नाही. तरतूद नाही, असं कारण दिलं. एनोकी आता पुन्हा दुरून आत येतो. पासवर्ड बदलला आहे म्हणतात. बाकीच्या गावांत बदलला का, ते कोणी विचारलेलं नाही.

मिसाओसानना मी अधूनमधून फोन करते. मी चिडून बोलत असते, त्या ऐकून घेतात. एकदा मी म्हणाले, तुम्ही काही मिळवलं नाहीत, वाक्य शेवटी लागलंच. त्या म्हणाल्या, "लागलं. पण माझ्या हाताने नाही."

नियमाप्रमाणे एका विषयाचे सगळे कागद एकाच फाइलमध्ये लागतात, तारखेच्या क्रमाने. म्हणजे आधी पाच ओळींचं पत्र आणि त्याच्या मागे तो अहवाल. आजवर ती फाइल कोणीही मागितलेली नाही. पाच वर्षं झाली की दोन्ही कागद एकाच यंत्रातून कापले जातील. मला येत होतं, हे त्या बाईंनी एकदा सही-शिक्क्याने लिहून दिलं होतं. ते खरं होतं. मी तिथे होते.